मूल्यमापन कक्षातली नोकरी: करिअर म्हणून घ्यावी की फाइल भरण्यात आयुष्य जाईल?

मध्यक_हरवलेला

नमस्कार मंडळी. इथे प्राध्यापकी करणारे, परीक्षा विभागातले आणि बाहेरच्या विद्यापीठांतले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

वय ३१. एम.एस्सी. संख्याशास्त्र, सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) झालेली. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात पाच वर्षं सीएचबीवर शिकवतोय. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: घड्याळी तासावर पैसे, सुट्टीत शून्य, दर वर्षी पुन्हा मुलाखत, आणि बिल निघेल तेव्हा निघेल. बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे म्हणून घर चाललंय.

दोन वर्षांपूर्वी प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "सर, तुमचं एक्सेल चांगलं आहे म्हणे." एवढ्या एका वाक्यावर नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) सीओ-पीओची फाइल माझ्या गळ्यात पडली. सीओ म्हणजे एका विषयातून विद्यार्थ्याला काय काय यायला हवं त्याची चार-पाच वाक्यं, आणि पीओ म्हणजे अख्ख्या पदवीतून काय यायला हवं त्याची. प्रश्नपत्रिकेतला प्रत्येक प्रश्न कुठल्यातरी सीओला जोडायचा, गुण भरायचे, की खाली १ ते ३ मधला एक आकडा पडतो. त्याला अटेनमेंट म्हणायचं. आधीच्या समन्वयकांनी दिलेली शीट उघडली तर मराठी २.४, वनस्पतिशास्त्र २.४, अकाउंट्स २.४. मी विचारलं, सर हे सगळीकडे सारखंच कसं? म्हणाले, "मागच्या वेळी २.४ वर पीअर टीमने (नॅककडून तपासायला येतात ते) काही विचारलं नव्हतं."

इथपर्यंत मला हे काम म्हणजे शिक्षाच वाटत होती. मग एक गंमत झाली.

एफ.वाय. बी.कॉम.ची अंतर्गत परीक्षा, २० बहुपर्यायी प्रश्न, इंग्रजी-मराठी दोन्हींत छापलेले. मुलं १४८. फाइलसाठी नाही, माझ्याच खाजेखातर मी एकूण गुणांप्रमाणे यादी लावली, वरची ४० आणि खालची ४० मुलं वेगळी काढली आणि प्रत्येक प्रश्न किती जणांना आला ते मोजलं. चांगल्या प्रश्नाला वरच्या गटात जास्त बरोबर उत्तरं येतात, खालच्या गटात कमी. ७ नंबरच्या प्रश्नाला वर फक्त ६ बरोबर आणि खाली १४. म्हणजे भेदनक्षमता (दोन गटांतला फरक भागिले ४०) उणे ०.२०! हुशार पोरांना चुकतोय आणि बाकीच्यांना येतोय.

मला वाटलं उत्तरसूची चुकली. तीही बरोबर होती. आकडे होते १२, १४, १५, १९, ४०. इंग्रजीत मीडियन विचारला होता, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मराठीत मध्यक; उत्तर १५. मराठीत छापलं होतं, "वरील सामग्रीचा मध्य काढा". मध्यकमधला 'क' टायपिंगमध्ये गळाला! मध्य म्हणजे मीन, सरासरी, तो येतो २०, आणि २० हा पर्यायही समोर होता. वरच्या चाळीसपैकी ३१ जणांनी मराठी नीट वाचून, बेरीज करून, पाचाने भागून २० ला खूण केली होती. खालच्या गटात चारही पर्यायांवर खुणा विखुरलेल्या, त्यात चौदा जणांची लॉटरी लागली.

एक 'क'. त्याच्यासाठी ३१ पोरांचा एकेक गुण गेला, आणि सीओ-२ मध्ये "विद्यार्थ्यांना केंद्रीय प्रवृत्तीची परिमाणे समजत नाहीत" अशी नोंद झाली असती. त्या रात्री मी उरलेले १९ प्रश्नही तपासले. झोपायला अडीच वाजले. बायको म्हणाली, तुम्हाला एवढं खूश सेट लागली तेव्हाही नव्हतं पाहिलं.

आता मुद्दा. पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठात 'संशोधन व अध्ययन मूल्यमापन' असा नवा कक्ष निघालाय. रिसर्च असोसिएटची जागा, तीन वर्षांचा करार. पगार आत्ताच्या दुपटीहून थोडा जास्त, आणि बाराही महिने. काम म्हणे विद्यार्थ्यांच्या निकालांचं विश्लेषण, सर्वेक्षणं, क्रमवारीसाठी लागणारी माहिती.

यात पुढे वाट आहे का? पीएच.डी. करायची तर संख्याशास्त्रात की शिक्षणशास्त्रात? आणि वर्गावरून एकदा उठलो की परत येता येतं का? सासरे म्हणतात, "शिकवणं सोडून मार्कं मोजायला कुठे निघालात?" मला उत्तर सुचलं नाही.

---

गठ्ठा_क्रमांक_१७

सासऱ्यांना सांगा, मार्कं मोजण्यातच माझी २९ वर्षं गेली आणि पेन्शन व्यवस्थित चालू आहे.

मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. कॅप सेंटर, म्हणजे उत्तरपत्रिका एकत्र आणून तपासतात ते ठिकाण, इथल्या निम्म्या लोकांनी पाहिलं नसेल. उन्हाळ्याची सुट्टी, शाळेचा मोठा हॉल, वर गरगरणारे पंखे, टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. आसनक्रमांकावर पट्टी चिकटवलेली. शेजारी चहा, आणि "साहेब, माझा भत्ता मागच्या वर्षीचा राहिलाय" हे पालुपद. एक मास्तर सकाळी साडेदहाला बसायचे आणि दीडला चाळीस पेपर हातावेगळे. त्यांच्या गठ्ठ्यात सगळे गुण ४१ ते ४८ मध्ये. न वाचता देणाऱ्याला मधलेच गुण द्यावे लागतात, कारण जास्त दिले तर मॉडरेटर (तपासलेले पेपर पुन्हा बघणारा) उघडून बघतो आणि कमी दिले तर पोरगं पुनर्मूल्यांकनाला येतं.

तुम्ही संख्याशास्त्राचे आहात म्हणून एक गृहपाठ देतो. तुमच्या कॉलेजला निकालाचं लेजर येत असेल. १०० गुणांचा, ४० ला पास असा कुठलाही मोठा पेपर घ्या आणि कुठल्या गुणाला किती पोरं ते मांडा. ४० च्या अलीकडे खड्डा दिसेल आणि ४० वर मनोरा. थोडं ऑर्डिनन्सच्या, म्हणजे नियमाने मिळणाऱ्या वाढीव गुणांमुळे, थोडं तपासणाऱ्याच्या हातामुळे, थोडं दयेमुळे. यातलं किती कशाचं, हे मला २९ वर्षांत कोणी विचारलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्याने परीक्षा व मूल्यमापन मंडळ आलं, त्याला संचालक आला. नावात मूल्यमापन आहे, पण जीव अडकलेला असतो तो निकाल वेळेत लावण्यात. चुकीचं नाही ते. निकाल लांबला की पोरांचे पुढचे प्रवेश अडकतात, पेपरात बातम्या येतात, मोर्चा येतो. पण एवढ्या रगाड्यात ७ नंबरच्या प्रश्नात 'क' गळाला का, हे बघायला माणूस उरत नाही.

तेव्हा जाण्याआधी एवढंच विचारा की हा कक्ष कोणाच्या हाताखाली आहे. कुलसचिवांच्या किंवा क्रमवारीवाल्यांच्या हाताखाली असेल तर तुम्ही सुशिक्षित कारकून. अधिष्ठात्यांकडे असेल तर निदान बोलायला जागा आहे.

---

रानजाई

गठ्ठा काकांचा खड्डा मी स्वतः पाहिलाय, त्यांना अनुमोदन. आता माझं सांगते. मी याच वाटेने गेले आहे, तुमच्यापेक्षा थोड्या उशिरा.

मी भौतिकशास्त्राची. अनुदानित कॉलेजात कायम नोकरी होती, हे आधीच कबूल करते, कारण माझ्या धाडसाला गादी होती, तुमच्या धाडसाला नाही. एस.वाय. बी.एस्सी.च्या वर्गाला मी एकदा कागदावर एकच प्रश्न दिला. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटल्यावर, वर जात असताना, त्यावर कोणती बलं काम करतात? हवेचा विरोध धरू नका. ६२ मुलं होती. बरोबर उत्तर म्हणजे फक्त गुरुत्वाकर्षण, खालच्या दिशेने. ते ११ जणांना आलं. बाकी जवळजवळ सगळ्यांनी वरच्या दिशेने एक बाण काढला होता. हीच मुलं गतीची समीकरणं डोळे मिटून मांडायची. विद्यापीठाच्या पेपरात यातल्या काहींना ७० च्या पुढे गुण होते.

एका मुलाला मी प्रयोगशाळेत बसवलं आणि म्हटलं, उत्तर सांगू नकोस, डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने बोल. तो म्हणाला, "मॅडम, हाताने दिलेला जोर चेंडूत असतो ना. तो वर जाता जाता संपत जातो. संपला की चेंडू खाली येतो." मी विचारलं, गाडीतल्या पेट्रोलसारखा? "हां, तस्साच!" एवढा आनंद झाला त्याला, बाईंना शेवटी समजलं म्हणून.

मी घरी येऊन त्या 'जोर' शब्दाचाच विचार करत बसले. तापाचा जोर ओसरतो. पावसाचा जोर कमी होतो. बैलात जोर असतो. मराठीत जोर ही अंगात असणारी आणि सरत जाणारी वस्तू आहे. पुस्तकात आम्ही 'बल' लिहितो, फळ्यावर 'बल' म्हणतो, आणि पोरगं मनात त्याचा जोर करून घेतं. परीक्षेत हे कधीच उघड होत नाही, कारण परीक्षा त्याला चेंडू किती उंच जाईल ते विचारते. ते त्याला येतं.

नंतर कळलं की जगात हे काम कधीच सुरू झालंय. अमेरिकेत हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' नावाची चाचणी छापली. बहुपर्यायी प्रश्न, गणित जवळजवळ नाहीच, आणि चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या गैरसमजांवरून तयार केलेले. हार्वर्डच्या एरिक माझुर यांनी ती आपल्या वर्गाला दिली तेव्हा एका मुलीने विचारलं होतं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मी विचार करते तशी? हे वाचलं आणि मी रजेचा अर्ज टाकला. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्था), १९७४ पासून चालू. विज्ञानशिक्षणात पीएच.डी. करता येते हे मला पस्तिसाव्या वर्षी समजलं. मी विद्यार्थिनी म्हणून लोकलने मानखुर्दला उतरायचे तेव्हा मी शिकवलेल्या काही मुली नोकरीलाही लागल्या होत्या.

आता एका विद्यापीठात असाच कक्ष चालवते. तुम्हाला खरं चित्र सांगते.

वर्षाचा मोठा भाग आकडे पुरवण्यात जातो. नॅक, एनआयआरएफ (देशातली क्रमवारी), एनबीए (अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांची मान्यता), प्रत्येकाचा नमुना वेगळा, आणि विद्यार्थिसंख्या तिन्हीकडे तीन तारखांची. त्याचा कंटाळा येतो आणि तो येणारच. पण नॅकच्या श्रेणीच्या चौकटीत संलग्न कॉलेजांना १००० पैकी ३५० गुण अध्यापन-अध्ययन-मूल्यमापनाचे होते, आमच्यासारख्यांना दारात उभं केलं गेलं ते असल्या गुणांमुळे. श्रेणी जाऊन दुसरी पद्धत येवो, आकडे मागणारा कोणीतरी राहीलच. मी त्याला घरभाडं म्हणते. भाडं भरायचं आणि आत स्वतःचा स्वयंपाक करायचा.

तुमच्या २.४ बद्दल. अटेनमेंटचं गणित साधारण असं असतं: अमुक टक्के मुलांना ठरवलेल्या गुणांपेक्षा जास्त पडले तर पातळी १, त्याहून जास्त मुलांना पडले तर २, तसं ३. ते 'ठरवलेले गुण' ठरवतं कोण? विभागच. ६० वरून ५० वर आणले की विद्यार्थी एका दुपारी सुधारतात. दुसरं गणित क्रियापदांचं. ब्लूमची उतरंड १९५६ ची, २००१ मध्ये सुधारली, आणि आमच्याकडे ती भिंतीवरच्या तक्त्यापुरती उरली. 'सांगा' खोडून 'विश्लेषण करा' लिहिलं की प्रश्न वरच्या पायरीचा झाला. उत्तर त्याच गाईडमधलं, त्याच पानावरचं.

माझीही एक फजिती सांगून टाकते. कक्ष सुरू झाला त्या वर्षी मी विद्यार्थी-अभिप्रायाचा ४२ प्रश्नांचा फॉर्म काढला होता. मोठ्या हौसेने. हजारभर फॉर्म आले, बहुतेकांत वरपासून खालपर्यंत ४, ४, ४, ४. एका पोराने खुणांची नागमोडी नक्षी काढली होती, अगदी उंबऱ्यापुढच्या रांगोळीसारखी, आणि खाली लिहिलं होतं 'चांगले सर'. आमच्या विभागात तेव्हा शिकवणाऱ्या तिघीही बायकाच होत्या. आता मी तीनच प्रश्न विचारते. या महिन्यात कुठल्या तासाला काहीच कळलं नाही, तेव्हा तुम्ही काय केलंत, आणि कोणाला विचारलंत. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा 'मित्राला' किंवा 'यूट्यूबला' असतं. शिक्षकाचं नाव क्वचित. हे कुठल्याच तक्त्यात बसत नाही, पण मी दर वर्षी विभागप्रमुखांना ते मोठ्याने वाचून दाखवते.

पीएच.डी.बद्दल. तुमचा ओढा जर त्या 'क' कडे असेल, तर शिक्षण-संशोधनात करा. मानखुर्द आहे, आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी. होते, टाटा समाजविज्ञान संस्थेत शिक्षणाचा अभ्यास आहे. या क्षेत्रात वर्ग माहीत असलेले पुष्कळ, आकडे वाचता येणारे फार थोडे, दोन्ही असलेले बोटावर मोजावेत. मात्र संख्याशास्त्राच्या कायम जागेचा दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर सावध राहा. तुमची एम.एस्सी. आणि सेट तिथे चालते, पण शिक्षणशास्त्राची पीएच.डी. 'संबंधित विषय' धरायची की नाही यावर छाननी समितीत वाद होतात, मी त्या खुर्चीवर बसून ऐकलेत. नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळाला तर महिना ३७ हजार आहेत, वयाची मर्यादा बघून घ्या, दोन प्रयत्न तरी करा.

मुलाखतीला जाल तेव्हा त्यांना एकच विचारा: मला प्रश्नवार गुण मिळतील का? एकूण गुण नव्हे, टक्केवारी नव्हे. कुठल्या मुलाला कुठल्या प्रश्नाला किती. आणि शंका आली तर मूळ उत्तरपत्रिका बघायला मिळेल का? तुमचा 'क' एकूण गुणांत कधीच सापडला नसता. 'हो' म्हणाले तर जा. 'कशाला हवेत?' म्हणाले तर त्यांना २.४ काढणारा हवा आहे.

आणि आठवड्याला दोन तास तरी शिकवायला मागा, फुकट का होईना. मी अजून एफ.वाय.चा एक तास घेते. तो सोडला की महिन्याभरात मुलं आकडे व्हायला लागतात, हे माझं मला जाणवलंय.

---

पोळीभाजी_केंद्र

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन. ते 'चांगले सर' फ्रेम करून लावा ताई.

---

ओहायोकर

इथे एका सरकारी विद्यापीठात हेच काम करतो, अकरावं वर्ष. मूळचा नाशिकचा, इंजिनिअर व्हायला आलो आणि भलतीकडेच गेलो.

अमेरिकेत हा रीतसर पेशा आहे. जवळजवळ प्रत्येक विद्यापीठात 'इन्स्टिट्यूशनल रिसर्च'चं, म्हणजे विद्यापीठाच्या स्वतःच्याच आकड्यांचा अभ्यास करणारं ऑफिस असतं, कुठे त्यातच तर कुठे शेजारी 'असेसमेंट'. आमच्याकडे चौघं. दोघांचा जन्म केंद्र सरकारच्या आयपेड्स नावाच्या नमुन्यात आकडे भरण्यात जातो, वर्षातून तीन हंगाम, शेतीसारखे. एकजण सर्वेक्षणं बघते. त्यात इंडियाना विद्यापीठातून २००० पासून चालणारं एनएसएसई हे मोठं, पहिल्या आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारतात. उरलेला मी.

रानजाई ताईंचं घरभाडं इथेही भरावं लागतं. आम्हाला मान्यता देणारी संस्था शिकागोत आहे, हायर लर्निंग कमिशन. ते येणार म्हटलं की सगळ्यांची धावपळ. पीअर टीमला गुलाबाचं फूल देत नाहीत एवढाच फरक.

माझा आवडता दिवस सांगतो. मे महिन्यात मुलं घरी गेली की आम्ही शेवटच्या वर्षाचे शंभर निबंध घेतो, नावं खोडतो आणि बारा प्राध्यापकांना एका खोलीत बसवतो. एएसी अँड यू या संस्थेने २००९ मध्ये काढलेल्या गुणपट्ट्या आहेत, चिकित्सक विचार, लेखन वगैरेंसाठी, १ ते ४ पातळ्यांच्या. आधी सगळे एकच निबंध वाचतात आणि बोटांनी पातळी दाखवतात. पहिल्या फेरीत हमखास १ पासून ४ पर्यंत सगळी बोटं वर! मग वाद. रसायनशास्त्रवाला म्हणतो पुरावा कुठाय, इंग्रजीवाली म्हणते तिसरा परिच्छेद वाचलास का. तीन निबंध होईपर्यंत बोटं जवळ येतात. मग खरं काम सुरू होतं, प्रत्येक निबंध दोघं वाचतात, दोन पातळ्यांचा फरक पडला तर तिसऱ्याकडे. दुपारी पिझ्झा. प्राध्यापक मला दर वर्षी सांगतात की दुसऱ्या विभागातली मुलं काय लिहितात हे आम्हाला एरवी कधी बघायलाच मिळत नाही.

एकदा असं निघालं की संदर्भ द्यायला मुलं छान शिकली आहेत, पण आपल्या विरुद्ध बाजूचं म्हणणं मांडून त्याला उत्तर देणं जवळजवळ कोणालाच जमत नाही. दुसऱ्या वर्षाच्या एका विषयात त्यासाठी एक लेखन घालायला आम्हाला दोन वर्षं लागली. समित्या. मग पुन्हा निबंध वाचले, थोडा फरक पडला होता. थोडाच.

आणि हो, तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न मला इथल्या एका इतिहासाच्या प्राध्यापकाने विचारला होता, जरा जास्त कडक शब्दांत. मी गुण दिलेत ना, मग तू कोण मोजणारा? त्यांना मी त्यांच्याच विषयाची ग्रेड उलगडून दाखवली. त्यात हजेरी होती, वेळेत गृहपाठ होता, चर्चेतला सहभाग होता. एका मुलीला 'सी' होता कारण ती रात्रपाळी करून उशिरा गृहपाठ द्यायची. तिचा शेवटचा निबंध वर्गात सगळ्यांत चांगला होता. ग्रेडमध्ये दहा गोष्टींची खिचडी असते, आम्ही त्यातला एकेक दाणा वेगळा बघतो. ते अजूनही माझ्याशी फार बोलत नाहीत, पण निबंध वाचायला येतात.

इथल्या नोकरीचं म्हणाल तर विश्लेषकाला मास्टर्स पुरते, संचालकाला बहुतेक ठिकाणी पीएच.डी. लागते. आर, एसक्यूएल, टॅब्लो ही आकडेवारीची साधनं येऊ द्या. सगळ्यांत जास्त लागते ती एका पानात लिहिण्याची सवय. माझा पहिला अहवाल ६४ पानांचा होता. तो कोणी वाचला नाही, आणि एकाने तर दरवाजा उघडा राहावा म्हणून खाली लावला होता.

---

मध्यक_हरवलेला

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय, मध्ये मुलीला ताप होता. (जोर ओसरला, रानजाई ताई. आता हा शब्द साधा राहिला नाही माझ्यासाठी.)

मुलाखतीला जाऊन आलो. कक्ष अधिष्ठात्यांच्या हाताखाली आहे, पण क्रमवारीचं कामही त्यातच. प्रश्नवार गुणांचं विचारलं तेव्हा तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अधिष्ठाता मॅडम म्हणाल्या की ते परीक्षा विभागाकडे असतात, आजवर कोणी मागितले नाहीत, तुम्ही लेखी मागा, मी सही करते. तिथेच साध्या कागदावर अर्ज लिहून दिला, दोन विषयांचा. माझी निवड व्हायची होती तरीही. त्यांनी सही केली. आठवड्यातून दोन तास मागितले, म्हणाले एकच देऊ. परवा ईमेल आला, १ तारखेपासून हजर व्हायचं आहे. जेआरएफचा एक प्रयत्न तरी करतोच.

सासऱ्यांना खिचडी आणि दाणा सांगून पाहिलं. म्हणाले, "म्हणजे मार्कंच मोजणार ना?"

गठ्ठा काका, तुमचा गृहपाठ केला. आमच्या कॉलेजचं जुनं लेजर, एक पेपर, २१२ मुलं. ३६ वर ५ जण, ३७ वर २, ३८ वर कोणी नाही, ३९ वर कोणी नाही, ४० वर २९, ४१ वर ८. बायकोला दाखवलं तर म्हणाली, हे तर आमच्या चौथीच्या मुलालाही कळेल.

---

गठ्ठा_क्रमांक_१७

विषय कुठला ते इथे लिहू नका. खाजगी निरोप पाठवतो.